रूळ संपतात तिथे: किगोमा आणि उजिजीचे पाच दिवस

नाशिकच्या शरणपूर रोडवरून मी गेली सत्तावीस वर्षं शाळेत जाते, इतिहास शिकवते. ज्या शरणपूरवरून या रस्त्याला नाव पडलं, ती वस्ती मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात वसवली. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने गुलामांची गलबतं पकडली की त्यांवरची मुलं मुंबईत उतरवली जात. त्यातली काही शरणपूरला आली. इथे ती लिहा-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकली. आफ्रिकेत जन्मून गोदाकाठी वाढलेली ही मुलं इंग्रजी कागदपत्रांत ‘नासिक बॉइज’ म्हणून भेटतात. १८६६ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईहून आफ्रिकेला निघाला, तेव्हा त्यांतले नऊ जण त्याच्याबरोबर होते.

ते कुठवर पोचले हे शोधत गेले आणि नकाशावर बोट टांगानिका सरोवराच्या काठी थांबलं. गावाचं नाव उजिजी. आज ते टांझानियाच्या पश्चिम टोकाला, किगोमा प्रांताच्या राजधानीच्या शहरात सामावलेलं आहे. उत्तरेला बुरुंडीची सरहद्द जवळ आणि समोर सरोवरापलीकडे काँगो.

माझा भाचा दार एस सलामला नोकरी करतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे गेले. “मावशी, लोक इथे येऊन झांझिबारला जातात, सेरेंगेटीला जातात,” तो म्हणाला. मी नाशिकची कागदपत्रं त्याच्यापुढे ठेवली. रात्री जेवताना तो म्हणाला, “मीही येतो.”

दिवस पहिला आणि दुसरा: आगगाडी

विमानाने किगोमाला काही तासांत पोचता येतं. पण मला त्या वाटेची लांबी अंगावर घ्यायची होती, म्हणून जुन्या मीटरगेज गाडीने गेलो. दार एस सलाम ते किगोमा साधारण १,२५० किलोमीटर. दोन रात्री आणि वर काही तास.

जर्मनांनी हा मार्ग १९०५ मध्ये बांधायला घेतला. १९१२ मध्ये तो वाटेतल्या ताबोरा गावाला आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये किगोमाला पोचला. त्यांच्या वसाहतीत चलन होतं ‘रुपी’. आमच्याच रुपयावरून घेतलेलं, आणि सुरुवातीला त्याचे भाग ६४ पेसा. स्वाहिलीत पैशाला अजूनही ‘पेसा’च म्हणतात. दुकान म्हणजे ‘दुका’, लाख म्हणजे ‘लाकी’, रंग म्हणजे ‘रांगी’, विमा म्हणजे ‘बिमा’. आणि गाडी म्हणजे ‘गारी’. रेल्वेला ‘गारी ला मोशी’, म्हणजे धुराची गाडी. आपल्या आजीने आगगाडी म्हणावं, अगदी तसंच. आमच्या डब्यातल्या ताबोऱ्याच्या एका आजीबाईंना हे भाच्याने स्वाहिलीत समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यांची नात आठ-नऊ वर्षांची. तिने मला “शिकामू” म्हटलं. मोठ्या माणसाला असंच म्हणायचं असतं, आणि उत्तर द्यायचं, “माराहाबा.” या शब्दाचा मूळ अर्थ ‘मी तुमचे पाय धरते’ असा सांगतात. पुढचे चार दिवस मी ज्येष्ठ दिसेल त्याला शिकामू म्हणत गेले, आणि त्या एका शब्दाने जितकी दारं उघडली तितकी पैशाने उघडली नसती.

दुसऱ्या दिवशी ताबोरा. फलाटावर बाटल्यांतून मध विकायला येतो, गडद आणि किंचित कडसर. इथल्या मियोंबो जंगलांचा हा मध प्रसिद्ध आहे, जरूर घ्या. कारवानांची, म्हणजे व्यापारी तांड्यांची, मोठी वाट इथूनच उजिजीकडे जायची. ओझी डोक्यावर घेऊन माणसं किनाऱ्यापासून सरोवरापर्यंत चालत. बर्टन आणि स्पीक हे इंग्रज प्रवासी जून १८५७ मध्ये किनाऱ्यावरून निघाले ते उजिजीला फेब्रुवारी १८५८ मध्ये टेकले. खिडकीतून दिवसभर तीच ती तांबडी माती आणि बुटकी झाडं बघताना, ते आठ महिने पायांत उतरल्यासारखे झाले.

गाडीसाठी दोन सूचना. पांघरूण, पाणी आणि सुका खाऊ जवळ ठेवा. जेवणाचा डबा असतो, पण तिथलं सगळं संपतं. प्लास्टिकच्या पिशव्यांना देशात २०१९ पासून बंदी आहे, कापडीच न्या.

दिवस तिसरा: किगोमा

मालागारासी नदी ओलांडली, उविन्झा गेलं, आणि पावसाच्या सरी चालू असतानाच गाडी डोंगर उतरू लागली. समोर एकदम पाणी. पाण्यापलीकडे काँगोचे डोंगर निळे, धुतल्यासारखे स्पष्ट. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाऊस लागलेला असतो, त्याचा हा फायदा. कोरड्या हंगामाच्या अखेरीस धुरकट हवेत पलीकडचा काठ दिसतच नाही, असं लॉजवाल्या बाई म्हणाल्या.

लोक किगोमाला ‘म्विशो वा रेली’ म्हणतात, रुळांचा शेवट. स्टेशनाची जर्मन काळातली इमारत कमानींची आहे. तिच्यासमोरून मुख्य रस्ता चढावर जातो, दोन्ही बाजूंना जुनी आंब्याची झाडं. वरच्या अंगाला कैसरच्या नावाने ओळखलं जाणारं घर आहे. जर्मन सम्राट इथे येणार म्हणून ते बांधलं, असं गावात सांगतात. सम्राट काही आला नाही.

मुळात मोठं गाव उजिजी होतं, किगोमा नव्हे. उजिजीचा काठ उघडा आणि उथळ आहे. किगोमाचा उपसागर मात्र खोल आणि डोंगरांच्या कुशीत. जर्मनांना बोटी आणि रेल्वे जोडायची होती, म्हणून त्यांनी बंदर इथे केलं, आणि जुना बाजार आठ-दहा किलोमीटर बाजूला पडला. आपल्याकडे दाभोळ, चौल, राजापूर यांचं जे झालं ते ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

बंदराच्या फाटकाबाहेरून ‘लिएम्बा’ दिसली. ही बोट बघायला जगभरातून माणसं येतात. १९१३ मध्ये जर्मनीत पापेनबुर्गला ती बांधली, मग सुटी केली आणि सुमारे ५,००० खोक्यांत भरून जहाजाने दार एस सलामला, तिथून रेल्वेने किगोमाला आणली. १९१५ मध्ये ती ‘ग्राफ फॉन गोट्झेन’ नावाने पाण्यात उतरली. पहिलं महायुद्ध चालू होतं. पुढच्या वर्षी जुलैत बेल्जियन फौजा जवळ आल्या, तेव्हा जर्मनांनी ती स्वतःच बुडवली. पण बुडवण्याआधी इंजिनाला ग्रीस थापून ठेवलं. बेल्जियनांनी वर काढली, पुन्हा बुडाली. इंग्रजांनी १९२४ मध्ये परत काढली आणि १९२७ मध्ये ‘लिएम्बा’ नावाने चालू केली. १९९७ मध्ये याच बोटीने काँगोच्या निर्वासितांना घरी पोचवलं. आम्ही गेलो तेव्हा ती दुरुस्तीसाठी बंद होती. पण ते ग्रीस माझ्या मनातून जात नाही. हार समोर दिसत असताना ज्या कामगारांनी इंजिन जपून ठेवलं, त्यांच्या हातांमुळे ही बोट पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली.

युद्धानंतर काही वर्षं किगोमा बेल्जियनांकडे होतं. १९२१ मध्ये इंग्रजांकडे गेलं, तरी इथल्या बंदरात बेल्जियनांची जागा राहिलीच, कारण काँगोच्या पूर्व भागाला समुद्राकडे जायची हीच वाट. १९६५ मध्ये चे गव्हेरा काँगोत लढायला गेला तो इथूनच सरोवर ओलांडून, आणि सात महिन्यांनी हरून परतला तोही इथेच. सरहद्दीवरच्या गावाला असे पाहुणे चुकत नाहीत.

रात्री उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तळलेला मिगेबुका मासा, म्चिचा म्हणजे आपला माठ, आणि ‘काचुंबारी’ म्हणजे आपली कचुंबरच. भाजी तांबड्या पाम तेलात, त्याला इथे ‘मावेसे’ म्हणतात. किगोम्याचं हे तेल टांझानियाभर जातं. वास उग्र असतो, दुसऱ्या घासाला आवडायला लागतो.

राहायला साधी लॉजेस पुष्कळ आहेत. मच्छरदाणी धड आहे ना, हे खोली घेण्याआधी बघा. मलेरियाच्या गोळ्या आणि पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड विसरू नका. वेळ ठरवताना सांभाळा. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. ‘सा म्बिली’ म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण प्रत्यक्षात सकाळचे आठ. रिक्षावाल्याला नेहमी ‘सकाळी की दुपारी’ विचारून घ्या. आणि हो, रिक्षाला तिथे ‘बजाजी’च म्हणतात.

दिवस चौथा: उजिजी

बजाजीने अर्ध्या तासात उजिजी. रुंद धुळकट रस्ते, मातीच्या भिंतींची पत्र्याची घरं, मशिदी, आणि जिकडे बघावं तिकडे आंबे. माझं माहेर मालवणचं. आंब्याच्या झाडाचं वय मला खोडावरून थोडंफार कळतं. इथली काही खोडं दोघांच्या कवेत न मावणारी आहेत. कारवानांबरोबर आलेल्या कोयी रुजून वाटेवर ही झाडं झाली, असं इथली माणसं सांगतात. स्वाहिलीत आंब्याला म्हणतात ‘एम्बे’.

लिव्हिंग्स्टनचा पत्ता लागेना, म्हणून त्याला शोधत आलेला वार्ताहर स्टॅन्ली त्याला इथे एका आंब्याखाली भेटला. स्मारकाच्या आवारात ते मूळचं झाड आता नाही. त्याच्यापासून वाढवलेली दोन झाडं आहेत, कैऱ्यांनी लगडलेली. त्यांच्याखाली दगडी स्मारक, त्यावर आफ्रिकेचा नकाशा. शेजारच्या छोट्या संग्रहालयात दोन गोऱ्या माणसांचे कागदाच्या लगद्याचे पुरुषभर उंचीचे पुतळे टोप्या काढून उभे आहेत. स्टॅन्लीच्या नोंदीप्रमाणे १० नोव्हेंबर १८७१ ला ही भेट झाली. त्याच्या तोंडचं ते वाक्य, ‘डॉ. लिव्हिंग्स्टन, आय प्रिझ्यूम?’, सगळ्या जगाला पाठ आहे.

मी त्या पुतळ्यांसमोर उभी राहिले आणि आजूबाजूला बाकीच्यांना शोधू लागले. कारण त्या दिवशी इथे कोण कोण होतं बघा.

स्टॅन्लीच्या तांड्याचा म्होरक्या होता सिदी मुबारक बॉम्बे. जन्माने आफ्रिकेतल्या याओ जमातीचा. लहानपणी पकडून विकला गेला, पश्चिम भारतात आणला गेला आणि मालकाच्या मृत्यूनंतर सुटला. मुंबईचं नाव त्याच्या नावाला कायमचं चिकटलं. तो इथे दुसऱ्यांदा आला होता. १८५८ मध्ये बर्टन-स्पीकबरोबर हाच माणूस होता. तेव्हा स्पीकचे डोळे आलेले, बर्टन तापाने अधू, आणि खाली चमकणारी रेघ म्हणजे पाणी आहे, हे सांगणारा बॉम्बे. स्पीक हिंदुस्थानातल्या फौजेतला, त्याचं आणि बॉम्बेचं बोलणं हिंदुस्थानीत चाले. म्हणजे या काठावर तेव्हा हिंदुस्थानी बोलली गेली.

लिव्हिंग्स्टनच्या बाजूने धावत पुढे आला तो सुसी. त्याने स्टॅन्लीला इंग्रजीत अभिवादन केलं. सुसीने मुंबईच्या गोदीत काम केलेलं. त्याचा जोडीदार चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला. आणि त्यांच्याबरोबर एडवर्ड गार्डनर, आमच्या शरणपूरचा. १८७० मध्ये बाकी सगळे सोडून गेले, तेव्हा लिव्हिंग्स्टनबरोबर सरोवरापलीकडच्या मान्येमा प्रदेशात पुढे गेले ते फक्त हे तिघे: सुसी, चुमा, गार्डनर. मुंबईत राहिलेले दोघे आणि नाशिकचा एक.

संग्रहालय दाखवणारे म्झे, म्हणजे बुजुर्ग गृहस्थ, सुसी आणि चुमाबद्दल मायेने बोलत होते. गार्डनर नाशिकचा, हे त्यांना नवीन होतं. भाचा दुभाष्या झाला. मी त्यांना गोदावरी सांगितली, शरणपूर सांगितलं. त्यांनी वही काढली, ‘नासिक’ असं लिहून घेतलं आणि ते बरोबर आहे का म्हणून वही माझ्यापुढे धरली. मग त्यांनी विचारलं, “ती मुलं मग परत का आली?” मला पटकन उत्तर सुचलं नाही. काहींना आपलं गाव शोधायचं असेल. काहींना पाठवलं म्हणून ते आले. ज्यांना बालपणी जहाजात कोंबलं, त्यांच्या इच्छेची नोंद कुणीच ठेवली नाही.

दुपारी म्झे आम्हाला जुन्या वाटेवरून सरोवराकडे घेऊन गेले. स्मारकापासून पाणी बरंच लांब आहे. भेट झाली तेव्हा सरोवर जवळ होतं. १८७८ च्या सुमारास लुकुगा नदीच्या तोंडाशी साचलेला बांध फुटला, पाणी काँगोच्या खोऱ्यात वाहून गेलं आणि काठ मागे सरकला.

याच वाटेने हस्तिदंत आणि माणसं किनाऱ्यावरच्या बागामोयोला चालत जायची. सरोवरापलीकडच्या मान्येमातून पकडलेले लोक होड्यांतून उजिजीला उतरवत. अरब-स्वाहिली व्यापारी इथे घरं बांधून राहिले होते. त्यांना भांडवल मिळे झांझिबारच्या पेढ्यांवरून, आणि त्या पेढ्यांवर कच्छी भाटिये आणि खोजे बसलेले होते. निळं ‘कानिकी’ कापड भारतातून यायचं. नाशिकने काही मुलांना आसरा दिला हे मी जितक्या अभिमानाने सांगते, तितक्याच स्पष्टपणे हेही सांगायला हवं. ज्या व्यवहारातून ती मुलं विकली गेली, त्यात आपल्याही किनाऱ्याचा पैसा होता.

लिव्हिंग्स्टनने जुलै १८७१ मध्ये मान्येमातल्या न्यांग्वेच्या बाजारात झालेली कत्तल डोळ्यांनी पाहिली आणि तो खचून उजिजीला परतला. त्याचा वृत्तान्त स्टॅन्लीबरोबर बाहेर गेला. १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. त्या वाटाघाटींसाठी गेलेला बार्टल फ्रिअर आधी मुंबईचा गव्हर्नर होता. पुढे मोम्बासाजवळ मुक्त झालेल्या लोकांची वस्ती झाली, तिला त्याचं नाव मिळालं, आणि नाशिकची बरीच मंडळी तिथे राहायला गेली.

काठावर लाकडी होड्या बांधणारे सुतार होते. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरत होते. मालवणात जे लहानपणी पाहिलं तेच हात, तोच आवाज. एका म्हाताऱ्या सुताराला मी शिकामू म्हटलं, तर त्याने हातातलं ठोकणं थांबवून बसायला ओंडका दिला. पाऊस आला म्हणून तासभर आम्ही होडीच्या पोटाखालीच बसलो. तिथेच चहा आला, आल्याचा, खूप गोड. सोबत ‘चापाती’, पण ती तेलावरची, पदर सुटलेली, आपल्या पराठ्यासारखी.

निघताना बाजारातून चार कैऱ्या घेतल्या.

दिवस पाचवा: किबिरिझी

आमच्या लॉजमधले दोन जर्मन पाहुणे गोम्बेला चिंपांझी बघायला गेले. चिंपांझींच्या अभ्यासासाठी जेन गुडॉल १९६० मध्ये जिथे आल्या ते हे जंगल. किगोम्यापासून १६ किलोमीटर उत्तरेला, जायला होडीच लागते. प्रवेशाचे दर परदेशी माणसाला बरेच जड आहेत आणि एक पूर्ण दिवस हवा. आमच्याकडे दिवस एकच होता, तो मी किबिरिझीला दिला.

हे किगोम्याच्या उत्तरेचं कोळ्यांचं गाव. काठावर जाळीच्या मांडवांवर ‘डागा’ वाळत घातलेले. बोटाएवढे चंदेरी मासे. वास आला आणि मी सरळ आईच्या अंगणात पोचले. तोच सुकटाचा वास, फक्त मिठाविना, कारण हे पाणी गोडं आहे. वाळत घालणाऱ्या बायकांनी मला चिमूटभर खायला दिलं. मी त्यांना हाताने दाखवलं, आम्ही हे कांद्याबरोबर परततो. त्यांनी टोमॅटो दाखवला. मी मान डोलावली. भाषा लागली नाही.

डागा रात्री धरतात. होड्यांवर दिवे लावतात, उजेडाला मासा वर येतो. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यामुळे हे जमत नाही, म्हणून येणार असाल तर तिथी बघून या. आमच्या वेळी अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. अंधार पडला तसे दिवे लागत गेले, आधी पाच-सहा, मग मोजता येईनात. घरी पणत्या न लावता आलेली मी, त्या काठावर उभी राहून बघत होते.

याच धक्क्यावरून उत्तरेकडे प्रवासी होड्या सुटतात आणि याच काठावर माणसं जीव घेऊन उतरलेली आहेत. १९७२ मध्ये बुरुंडीतून, १९९३ मध्ये पुन्हा, १९९६ मध्ये काँगोतून. प्रांतातली न्यारुगुसूची छावणी १९९६ पासून आहे. एका चहावालीने सांगितलं, तिची आई पाठीवर तिला बांधून आली होती. “आता मी किगोम्याचीच,” ती म्हणाली आणि कप विसळायला वळली.

परतीची वाट

उविन्झाला गाडी थांबली तेव्हा मीठ विकायला आलं. इथले खारे झरे आटवून शेकडो वर्षं मीठ करतात. उजिजीच्या बाजारात कारवानवाले हेच मीठ घ्यायचे. मी एक पुरचुंडी घेतली.

दार एस सलामला पोचल्यावर भाचा अंघोळीला गेला आणि मी उजिजीच्या कैऱ्या किसल्या. कांदा, गूळ, तिखट, उविन्झाचं मीठ, वरून हिंगाची फोडणी. तक्कू झाला. भाच्याने पोळीबरोबर खाल्ला आणि म्हणाला, “मावशी, त्या गार्डनरने नाशिकला हे खाल्लं असेल ना गं?”